चार पॉइंट सहाचा हट्ट

अगं, बाकीचं नंतर. आधी सांग, फायलींची कॉपी काढलीस का? नसशील तर मशीन मूळ वेगावर आण आणि तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, त्या पारोळ्याच्या लग्नाचं फुटेज, सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरव. मूळ वेगावर आणून, हे मुद्दाम म्हणतेय. डळमळीत प्रोसेसर नुसता बंद पडला तर उपकारच म्हणायचे. तो चुकीचं लिहितोही, आणि तसं सांगत नाही. महिनाभराने झिप उघडत नाही, व्हिडिओत मध्येच हिरवे चौकोन येतात, तेव्हा कुठे कळतं. तोवर कॅमेऱ्याचं कार्ड आपण पुसून टाकलेलं असतं.

झालं? आता ऐक.

तुझ्या लांबलचक मेसेजमधून मला कळलं ते असं: रायझेन ५ ५६००, बी५५० चा बोर्ड, एका पंख्याचा टॉवर कूलर, सोळा जीबी रॅम. सहाही कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर, १.३२ व्होल्ट. जानेवारीत रात्र-रात्र रेंडर चालायचं, मशीन हूं की चूं करत नव्हतं. आता एप्रिल लागला आणि दुपारी अर्ध्या तासात कधी निळा पडदा, कधी नुसतंच बंद. आणि वर्गातले पोरगे म्हणतात, 'लाव अजून पॉइंट झिरो फाइव्ह.' त्यांचं काय जातंय म्हणायला! खिसा त्यांचा नाही आणि प्रोसेसरही त्यांचा नाही.

घरी मी काही बोललेले नाही, निश्चिंत राहा. आईला एवढंच माहीत आहे की तुझा पीसी 'उन्हानं तापतो'. गंमत म्हणजे बिचारी बरोबरच बोलतेय.

जानेवारीत देवपुरातली तुझी ती गच्चीखालची खोली रात्री किती थंड असायची, आठव. धुळ्याचा पारा तेव्हा एक आकड्यावर येतो. खोलीत धरू अठरा अंश. त्या वेळी तू मला तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोचा फोटो पाठवला होतास, रेंडर चालू आणि प्रोसेसर ७२ अंशांवर. म्हणजे कूलर खोलीच्या हवेपेक्षा ५४ अंश वर प्रोसेसर धरून ठेवत होता. कूलर हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही, तो फक्त हा फरक सांभाळतो. आता एप्रिलच्या दुपारी स्लॅब तापलेला, खोलीत चाळीस. चाळीसमध्ये चोपन्न मिळव. चौऱ्याण्णव. आणि ५६०० ची एएमडीने सांगितलेली कमाल मर्यादा आहे ९० अंश. तुझ्या मशीनचं बहुतेक काही बिघडलेलं नाही, फक्त खोलीचं तापमान बदललं. आणि अजून मे यायचाय. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हाचं गणित तूच करून बघ.

तरी तू विचारशील, नव्वदला पोचायच्या आधीच का पडतं? कारण तापलेल्या सिलिकॉनला त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज लागतं. बाहत्तर अंशांवर ४.६ ला १.३२ जेमतेम पुरत होते. तू ते जेमतेमच लावले होतेस, कारण सगळे तसंच करतात: पडेपर्यंत वेग वाढवायचा, पडला की एक पायरी खाली यायचं आणि म्हणायचं, झालं स्टेबल. पुण्या-मुंबईत एसी खोलीत बसून असं केलं तर एक वेळ चालेल. आपल्याकडे जानेवारीत काढलेला आकडा जानेवारीपुरताच. खानदेशात ओव्हरक्लॉक, म्हणजे हा ताणलेला वेग, तपासायचा तर वैशाखातल्या दुपारी तीन वाजता, दार बंद करून. त्या वेळी जे टिकेल ते वर्षभर टिकेल.

आणि 'अजून पॉइंट झिरो फाइव्ह' का नको, तेही आकड्यांत सांगते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समज, ४.२ ला १.२० व्होल्ट लागत होते आणि तू ४.६ ला १.३२ दिलेस. व्होल्टेज दहा टक्के वाढलं, त्याचा वर्ग एकवीस टक्के. वेगाचे वर साडेनऊ. एकूण उष्णता एकतृतीयांशाने वाढली. आणि रेंडर किती लवकर झालं? फार तर साडेनऊ टक्के. त्यात अजून व्होल्टेज ओतलंस की तापमान वाढणार, तापमान वाढलं की पुन्हा व्होल्टेज अपुरं वाटणार. या चक्रात शिरूच नकोस.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, बायोसमध्ये जा आणि सगळं डिफॉल्ट कर. सगळं म्हणजे रॅमला वाढीव वेगावर चालवणारं एक्सएमपीसुद्धा. आणि तसंच दोन दिवस वापर. मुलांना हे करायला जड जातं, त्यात त्यांना हार वाटते. पण आमच्या दुकानात माझ्यासमोर जेवढी 'ओव्हरक्लॉकमुळे बिघडलेली' मशिनं आली, त्यांच्या बऱ्याच मालकांनी हे एक पाऊल टाळलेलं होतं. डिफॉल्टवरही पडत असेल तर दोष वेगाचा नाही. रॅम, वीज पुरवणारा एसएमपीएस, कूलरखालची पेस्ट, विंडोज, काहीही असू शकेल, आणि तू व्होल्टेज खालीवर करत महिना घालवशील. डिफॉल्टवर नीट चाललं, तर मग एकेक गोष्ट परत लाव. आधी फक्त एक्सएमपी, तपास. मग फक्त प्रोसेसर, तपास. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, वेग, व्होल्टेज, काय चालवलं, किती वेळ टिकलं, पडलं तर पडद्यावर काय दिसलं. भिंतीवरचा साधा थर्मामीटर आण एक. वहीत खोलीचं तापमान नसेल तर बाकीच्या नोंदींचा आपल्याकडे काही उपयोग नाही.

मशीन चालूच होत नसेल, नुसते पंखे फिरतात आणि पडदा काळा, तर घाबरून दुकानात पळू नकोस. बोर्डवर सीएमओएस पुसायच्या दोन पिना असतात; नाही सापडल्या तर मेन बंद कर, वायर काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर आणि बोर्डावरचा तो गोल सेल, २०३२ नंबरचा, पाच-दहा मिनिटं काढून ठेव. सगळं मूळपदावर येतं. एवढ्या कामाचे लोक पैसे घेतात.

आता पडण्याच्या तऱ्हा. निळ्या पडद्यावर 'व्हीया अनकरेक्टेबल एरर' किंवा 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' आलं तर बहुतेक वेळा प्रोसेसरच, म्हणजे त्या वेगाला व्होल्टेज कमी किंवा उष्णता जास्त. 'मेमरी मॅनेजमेंट' आलं तर आधी रॅमकडे बघ. पण या पाट्यांवर शंभर टक्के भरवसा ठेवू नकोस, चुकलेला प्रोसेसर कुणाच्याही नावावर पावती फाडतो. याचं एक मोठं उदाहरण ऐक. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांवर गेम सुरू होताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा एरर यायचा. लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. दोष निघाला प्रोसेसरमध्ये: तो स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतलं सर्किट हळूहळू झिजत होतं. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यासाठी मायक्रोकोड काढला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या लोकांनी कसला ओव्हरक्लॉक केलेला नव्हता, हे लक्षात घे. तुझ्या वर्गात कुणाकडे त्या पिढ्यांमधला आय नाइन असेल तर त्याला बायोस अपडेट केलंय का, एवढं विचार. झिजलेलं परत येत नाही, पुढची झीज थांबते.

पडदा निळा झालाच नाही आणि थेट रीस्टार्ट झालं, तर इव्हेंट व्ह्यूअर उघड. तिथे 'कर्नल पॉवर ४१' दिसेल. लगेच एसएमपीएस बदलायला निघू नकोस! एक्केचाळीसचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद केलं नव्हतं. का, ते त्याला ठाऊक नसतं. त्याच्या आसपास 'व्हीया लॉगर' नावाची नोंद शोध. १८ नंबरची असेल तर प्रोसेसरने स्वतः चूक कबूल केलीय, आणि खाली एपीआयसी आयडी दिलेला असतो, त्यावरून कोणता कोअर तेही कळतं. तुझ्या प्रोसेसरवर दोन-दोनची जोडी म्हणजे एक कोअर. १९ नंबरची असेल तर चूक झाली पण सावरली गेली. एकोणिसाच्या नोंदी साचत असतील तर मशीन अजून पडलेलं नाही एवढंच, पडणार आहे. आणि व्हीयाची नोंदच नाही, नुसतं एक्केचाळीस, तर मग आधी विजेवर संशय घे.

विजेकडे येतेच, पण त्याआधी चाचण्यांचं सांगते. सिनेबेंच दहा मिनिटं चाललं म्हणजे स्टेबल, हा गैरसमज आहे. तो गुण दाखवायला ठीक. प्राइम ९५ लाव. मोठमोठ्या मर्सेन मूळसंख्या शोधायचा तो कार्यक्रम आहे, १९९६ पासून जगभरचे हौशी लोक चालवतात. मूळसंख्येच्या शोधात एक आकडा चुकला तर आठवड्यांची मेहनत फुकट, म्हणून तो आपलं उत्तर सतत पडताळत असतो. आपल्याला नेमकं तेच हवंय. चुकलं की एक वर्कर थांबतो आणि ओळ येते, 'राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४'. मशीन चालूच असतं, माउस हलत असतो, गाणं वाजत असतं, आणि आत गणित चुकलेलं असतं. ती ओळ दिसली की चाचणी नापास. 'पण बंद तर नाही पडलं ना' असा वाद माझ्याशी घालू नकोस. त्यातला स्मॉल एफएफटी हा प्रकार प्रोसेसरला तापवतो, ब्लेंड रॅमलाही घेतो. रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्री लावून झोप. एकही लाल ओळ आली तर एक्सएमपीचा वेग एक पायरी उतरव किंवा दोन्ही पट्ट्या आलटून-पालटून बघ. रॅमचं एवढंच.

व्होल्टेजची एक खोड मात्र समजून घे, कारण तिथे तुझी फसगत होतेय असं मला वाटतं. बायोसमध्ये तू १.३२ लिहिलंस म्हणून रेंडर चालू असताना प्रोसेसरला १.३२ मिळतात असं नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की आपल्या नळाची धार बारीक होते ना, तसं सहाही कोअर एकदम खेचायला लागले की पोचणारं व्होल्टेज खाली येतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये लोड असतानाचा आकडा बघ, रिकामं असतानाचा नको. बोर्डात लोड लाइन कॅलिब्रेशन असतं, ते हा उतार कमी करतं. मधल्या पायरीवर ठेव. शेवटच्या पायरीवर नेलंस तर लोड सुटताक्षणी व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी स्क्रीनवर दिसतही नाही. आणि हो, मूळ सेटिंगवर असताना एखाद्या वेळी १.४ च्या वर आकडा दिसेल, त्याने दचकू नकोस. एखादाच कोअर हलक्या कामात क्षणभर धावतो तेव्हाचा तो आकडा, प्रवाह तेव्हा थोडा असतो. 'कंपनीच १.४ देते, मग मी का नको' हा मुलांचा युक्तिवाद इथेच फसतो. सगळे कोअर, सतत, ठरीव व्होल्टेज, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मी १.३ ची रेघ ओढते आणि ती ओलांडत नाही.

आता वीज. शहरातल्या लोकांनी लिहिलेल्या कुठल्याच मार्गदर्शनात हा भाग सापडणार नाही. संध्याकाळी सातला तुमच्या गल्लीत सगळ्यांचे कूलर, फ्रिज, पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात. मल्टीमीटर असेल तर तेव्हा दाब मोज. २३० च्या जागी १८० निघाला तर नवल नाही. आता कॅबिनेटचं झाकण उघडून एसएमपीएसवरचं लेबल वाच. इनपुट १००-२४० लिहिलं असेल तर १८० ने त्याला काही फरक पडत नाही. २००-२४० लिहिलं असेल तर तुझं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. स्वस्तातले असतात ते असे. आणि त्यावर '५०० वॅट' छापलंय याला फार भुलू नकोस. बारा व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर लिहिलेत ते बघ, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही तिथूनच जेवतात.

घरमालक काकांचा इन्व्हर्टर तुझ्या खोलीत येतो म्हणालीस. त्याच्या मागे एक बारकं बटण असतं: यूपीएस की नॉर्मल. बहुतेक घरांत ते नॉर्मलवर असतं, कारण पंख्या-दिव्यांना चालतं. नॉर्मलवर असताना तो बराच खाली उतरलेला दाबही तसाच आत सोडतो आणि वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जरा वेळ लावतो. तेवढ्या वेळात दिवा नुसता लुकलुकतो, पण भरल्या लोडचा पीसी झोपतो. काकांना विचारून ते यूपीएसवर करून घे. तू टेबलाखाली ठेवलेल्या त्या छोट्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर भिस्त ठेवू नकोस. त्याची खरी ताकद साधारण ३६० वॅट, आणि तुझं रेंडर ग्राफिक्स कार्डासकट त्याच्या आसपास जातं. वीज जाते, यूपीएस किंचाळतो, मशीन बंद, आणि तू बायोसमध्ये व्होल्टेज वाढवतेस!

आणि मला एक खरं सांग, अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या येतात का? 'हो, पण थोड्याच' असं म्हणणार तू. अगं, म्हणजे तुझ्या खोलीत अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून, आणि दोन्हींचं दुसरं टोक पत्र्याला. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, एकशेपंधराच्या आसपास व्होल्ट उभे राहतात. प्रवाह अगदी क्षीण असतो म्हणून नुसत्या मुंग्या. टेस्टर लावून बघ, दिवा मंद पेटेल. याने तुझा निळा पडदा येतो असा माझा दावा नाही. पण यूएसबीची हार्डडिस्क मध्येच निसटणं, हेडफोनमध्ये घूं आवाज, हे प्रकार याने होतात, आणि मग माणूस ओव्हरक्लॉकला शिव्या देतो. जुन्या घरांत थ्री-पिनचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला असतं. वायरमन बोलावून सिरीज दिव्याने फेज आणि अर्थ तपासून घे. स्वतः नको हं, हे त्याचंच काम. काका कुरकुर करतील खर्चाची, तर म्हणावं, फ्रिजलाही तोच सॉकेट आहे.

मग धूळ. झाकण उघडशील तेव्हा कूलरच्या पात्यांच्या आणि फिनच्या मधोमध राखाडी लोकरीसारखा पट्टा दिसेल. आपल्याकडे त्यात काळ्या मातीची बारीक भुकटी, आणि जिनिंगजवळ राहणाऱ्यांकडे चक्क कापसाचे तंतू निघतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. पेस्ट दोन वर्षांची झाली असेल तर पुसून नवी लाव, साबुदाण्याहून थोडी मोठी, मधोमध. कूलर उपसताना आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम कर आणि सरळ न ओढता जरा पिळून काढ. या सॉकेटमध्ये प्रोसेसर पेस्टला चिकटून पिनांसकट वर येतो, आणि वाकलेल्या पिना सरळ करत बसणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

खोलीतला घरगुती कूलर, तो लाकडी तंतूंच्या जाळीचा, लावायला माझी हरकत नाही. धुळ्याच्या कोरड्या हवेत तो खोली छान उतरवतो आणि प्रत्येक उतरलेला अंश तुझ्या प्रोसेसरलाही मिळतो. पण कॅबिनेट त्याच्या झोताच्या समोर ठेवू नकोस. आपलं पाणी क्षारांचं. जाळीवर बसतो तो पांढरा थर बघतेस ना? झोतातून उडणारा बारीक तुषार तोच थर बोर्डावर आणून बसवतो. आणि खिडकी किलकिली ठेव, नाहीतर दमट हवा खोलीत कोंडते आणि कूलर नुसता आवाज करतो.

एक गोष्ट सांगते, दुकानात कुणी हुज्जत घालायला लागलं की मी हीच सांगते. मायक्रोसॉफ्टमध्ये रेमंड चेन नावाचे जुने इंजिनिअर आहेत. त्यांनी २००५ मध्ये लिहिलं होतं की विंडोज कोलमडल्याचे जे अहवाल येतात त्यांत काही असे असतात की ते शक्यच नाहीत. प्रोसेसरला सांगितलेलं काम काय, तर एक रजिस्टर शून्य करणं. त्यात मेमरी लागत नाही, काही लागत नाही, त्यात चुकायला जागाच नाही. तरी प्रोसेसर तिथे चुकलेला! शोध घेतला तर मशिनं ओव्हरक्लॉक केलेली निघाली. आणि त्यातल्या काहींना 'ओव्हरक्लॉक म्हणजे काय' हेही माहीत नव्हतं. दुकानदाराने कमी वेगाचा प्रोसेसर ताणून जास्त वेगाचा म्हणून विकला होता. म्हणून सेकंडहँड पीसी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, घरी नेऊन पहिलं काम, बायोस डिफॉल्ट. तुझ्या त्या मैत्रिणीलाही सांग, जिने मागच्या महिन्यात जुना घेतला.

आता तू काय करावंस, हे माझं मत. ४.६ सोडून दे. हट्टाला एवढं धरून बसण्यासारखं त्यात काही नाही. ५६०० स्वतःहून ४.४ पर्यंत जातो. तू लढतेयस ते वरच्या दोनशे मेगाहर्ट्झसाठी. त्यापेक्षा मॅन्युअल काढून टाक आणि बायोसमध्ये पीबीओ, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, उघडून कर्व्ह ऑप्टिमायझर लाव. तिथे उलटं काम आहे: वेग ताणण्याऐवजी प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं कमी करायचं, एक आकडा म्हणजे साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट. व्होल्टेज कमी, उष्णता कमी, मग प्रोसेसर स्वतःच जास्त वेळ वरच्या वेगावर राहतो. उणे दहापासून सुरू कर. उणे तीस लावून मिरवणारे खूप आहेत, त्यांचं राहू दे.

यात पडण्याची तऱ्हा मात्र वेगळी, आणि ती ओळखता यायला हवी. रेंडर तासन्‌तास चालेल, प्राइम चालेल, आणि तू जेवायला उठलीस की रिकामं मशीन रीस्टार्ट होईल. किंवा ब्राउझर उघडताना. कारण हलक्या कामात एकच कोअर सर्वांत वरच्या वेगावर उडी मारतो आणि तू त्याचंच व्होल्टेज कापलेलं असतंस. अशा वेळी सगळे कोअर तापवणाऱ्या चाचण्या काही सांगत नाहीत. कोअरसायक्लर लाव, तो एकेका कोअरला आळीपाळीने तपासतो, रात्रभर लागेल. जो कोअर पडेल त्याचाच आकडा दोन-चारने वर आण, बाकीच्यांना हात लावू नकोस. साधारणपणे बोर्ड ज्याला उत्तम कोअर म्हणतो तोच आधी रुसतो, कारण सर्वांत वरच्या वेगावर तोच पळतो.

बायोसमध्ये प्रोफाइल जपायची सोय असते. दोन कर. एक हिवाळ्याची, एक उन्हाळ्याची. उन्हाळ्याच्या प्रोफाइलमध्ये पीपीटीची, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या एकूण विजेची, मर्यादा मूळ ७६ वॅटवरच ठेव, आणि मे महिन्यात त्याहूनही खाली आणलीस तरी चालेल. साठ वॅटवर रेंडर थोडंसंच लांबेल, पण पंख्याचा तो घरघराट थांबेल आणि तुला झोप लागेल. होळी झाली की बदलायची, दिवाळी झाली की परत.

वॉरंटीचंही सांगून ठेवते. ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान एएमडी वॉरंटीत धरत नाही, पीबीओ त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून लावलं तरीही. म्हणून व्होल्टेज वाढवण्याआधी स्वतःला विचार, हा गेला तर दुसरा घ्यायला पैसे आहेत का. नसतील तर कमी करणारे खेळ खेळ, वाढवणारे नको. यात कमीपणा काही नाही गं. 'मुलीला कुठे जमतंय' असं कुणी म्हणालं तर तुझी ती वही त्याच्यापुढे टाक आणि विचार, तू कुठल्या तापमानाला तपासलंस रे? उत्तर येणार नाही, लिहून ठेव.

आणि मशीन कुणाकडे 'मी करून देतो' म्हणून नेऊन देऊ नकोस. त्यात तुझा प्रोजेक्ट आहे, फोटो आहेत, पासवर्ड आहेत. शिकायचंय तर त्याला म्हणावं, इथे बस आणि माझ्यासमोर कर.

तर आज रात्री डिफॉल्ट, उद्या ब्लोअर आणि पेस्ट, परवा वायरमन. दाब मोजलास की आकडा मला पाठव, संध्याकाळचा आणि पहाटेचा, दोन्ही. विंडोजच्या फायलीही एकदा तपासून घे, कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाऊ चालवून. एवढ्या वेळा पडल्यावर काहीतरी खराब झालेलं असू शकतं. फोन करायचा तर दहानंतर कर, त्याआधी आमच्याकडे भरिताचा बेत आहे आणि वांगी भाजायला मलाच बसवलंय.